रूट कॅनॉलची खरी पारख : दाताच्या मुळात फिरणारी द्रावणे

कापडाचे दुकान चालवणारा माणूस खरेदीला गेला की भाव शेवटी विचारतो. आधी पोत पाहतो, वीण पाहतो, रंग किती पक्का आहे ते चाचपतो. शिरूरची बाजारपेठ असो की दौंडची, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेल्या घरांना ही रीत कोणी शिकवावी लागत नाही. परंतु घरातील कोणाची दाढ ठणकू लागली आणि डॉक्टरांनी ‘रूट कॅनॉल करावे लागेल’ असे सांगितले, की हेच पारखी कुटुंब एकाएकी साधे गिऱ्हाईक होते आणि दोन-तीनच प्रश्न विचारते. खर्च किती येईल? किती वेळा यावे लागेल? कॅप कोणती बसवणार?

हे प्रश्न गैर नाहीत. मात्र दाढ पुढे वीस वर्षे टिकणार की दोन वर्षांत पुन्हा सुजणार, हे त्यांवरून ठरत नाही. ते बऱ्याच अंशी ठरते एका न विचारल्या जाणाऱ्या गोष्टीवर : दाताच्या मुळातील पोकळी कोणत्या द्रावणाने, किती वेळ आणि कशा रीतीने धुतली गेली. कॅप दिसते, ही धुलाई दिसत नाही. म्हणूनच तिची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

दाताच्या आत काय घडते

दात बाहेरून दगडासारखा दिसत असला, तरी त्याच्या मध्यभागी एक सजीव गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. बोलीभाषेत आपण त्याला ‘दाताची नस’ म्हणतो. हा गाभा दाताच्या माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंत अरुंद नळ्यांतून उतरतो. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन किंवा चार नळ्या असतात. कीड या गाभ्यापर्यंत पोचली की जिवाणू आत शिरतात, नस सुजते, रात्रीची झोप उडवणारी कळ सुरू होते आणि काही दिवसांनी नस मरते. कळ थांबली म्हणून घरच्यांना हायसे वाटते. वस्तुतः तेव्हाच जिवाणूंना मोकळे रान मिळालेले असते. मेलेल्या नसेवर पोसलेले जिवाणू मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकतात आणि तेथे पू साठतो.

या साऱ्याचे मूळ कारण जिवाणूच आहेत, हे १९६५ साली अमेरिकेतील राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेतील काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी एका प्रयोगातून निर्विवादपणे दाखवले. त्यांनी उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून आतील गाभा उघडा केला. सर्वसाधारण उंदरांमध्ये गाभा सडला आणि गळू झाले. पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र तीच जखम आपोआप भरून आली. अशा प्राणिप्रयोगांविषयी जैन मनाला वेदना होणे स्वाभाविक आहे. तथापि त्यातून हाती आलेले ज्ञान आज प्रत्येक दंतचिकित्सेचा पाया आहे : रूट कॅनॉल म्हणजे दातात मसाला भरणे नव्हे; रूट कॅनॉल म्हणजे जिवाणू आणि त्यांचे अन्न दातातून बाहेर काढणे. मसाला नंतर येतो, तो रिकामी आणि स्वच्छ झालेली जागा बंद करण्यासाठी.

फाइल जेथे पोचत नाही

ही सफाई दोन साधनांनी होते. पहिले साधन म्हणजे फाइल, सुईसारखी बारीक कानस. ती हाताने किंवा छोट्या यंत्राने फिरवून नळीच्या भिंती घासतात. दुसरे साधन म्हणजे द्रावण. रुग्णाला फाइलचा आवाज ऐकू येतो, तिचा कंप जाणवतो. त्यामुळे सगळे काम फाइलच करते असा समज होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. मुळातील नळी ही सरळ गोल पन्हळ नसते. ती कोठे चपटी असते, कोठे वाकलेली, कोठे दोन नळ्यांना जोडणारी चिंचोळी फट असते, तर कोठे बाजूला फुटलेल्या उपशाखा. शिवाय नळीच्या भिंतींत असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावी लागते आणि जिवाणू त्यांतही शिरून बसतात. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली काढलेल्या दाढांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून फाइल फिरवण्यापूर्वीची व नंतरची नळी ताडून पाहिली. कोणतीही पद्धत वापरली, तरी नळीच्या भिंतींचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविना तसाच राहिला होता.

एक तृतीयांशाहून अधिक भिंत जर फाइलला शिवतच नसेल, तर तेथील घाण काढणार कोण? ते काम द्रावणाचेच. आणि कोणतेही द्रावण ते काम सारखेच करते असे नाही. पाणी आणि पाणी यांत भेद असतो, हे जैन घराला निराळे सांगायला नको. गाळलेले, उकळलेले आणि राख घालून अचित्त केलेले पाणी दिसायला सारखेच असते. घरात मात्र प्रत्येकाचा उपयोग आणि मर्यादा वेगळी असते.

स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात बिस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी हा भेद प्रत्यक्ष रुग्णांमध्ये तपासला. त्यांचा १९८३ सालचा अभ्यास लहान, परंतु बोलका आहे. पंधरा दातांमध्ये पाच भेटींत, फाइलसोबत अर्धा टक्का तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट वापरले. दोन भेटींच्या मध्ये दातात कोणतेही जंतुनाशक औषध ठेवले नाही. पाचव्या भेटीत पंधरापैकी बारा दातांत जिवाणू सापडले नाहीत. त्याच पद्धतीने केवळ सलाईन वापरलेल्या पंधरा दातांपैकी मात्र आठच जिवाणूरहित निघाले. फाइल तीच, श्रम तेच. बदलले होते ते केवळ द्रावण.

कापडाच्या गिरणीतून दवाखान्यात

सोडियम हायपोक्लोराइट हे नाव अपरिचित वाटले, तरी वस्तू घराघरांत आहे. कपड्यांवरील डाग काढण्याचे पातळ ब्लीच ते हेच. त्याचा जन्मही कापडासाठीच झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याने क्लोरिनने कापड पांढरे करण्याची रीत शोधली आणि पॅरिसजवळच्या जाव्हेल गावात तसे द्रावण तयार होऊ लागले. १८२० च्या दशकात लाबाराक या फ्रेंच औषधनिर्मात्याने त्याच जातीचे द्रावण दुर्गंधी आणि सडणे रोखण्यासाठी वापरले. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी अर्धा टक्का तीव्रतेच्या हायपोक्लोराइटने सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुण्याची पद्धत बसवली. ‘डेकिनचे द्रावण’ या नावाने ते आजही ओळखले जाते. युद्ध संपताच ते दंतवैद्यकात आले. १९४१ मध्ये ग्रॉसमन आणि माइमन यांनी दाखवून दिले की दातातील नसेचा लगदा विरघळवण्यात हायपोक्लोराइट इतर द्रावणांपेक्षा सरस आहे.

हा गुण कापडाच्या व्यापाऱ्याला चटकन उमगेल. सुती कपडा सौम्य ब्लीचमध्ये तग धरतो. रेशमी आणि लोकरी वस्त्राचा मात्र नाश होतो. म्हणूनच रेशमी साडीवर ‘ब्लीच वापरू नये’ अशी चिठ्ठी असते. कारण रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आहेत आणि हायपोक्लोराइट प्रथिने विरघळवते. मिश्र कापडात रेशीम-लोकरीचे प्रमाण किती आहे, हे प्रयोगशाळेत याच गुणावरून मोजतात. मेलेली नसही प्रथिनांचीच बनलेली असते. ज्या गुणामुळे हे द्रावण पैठणीचे वैरी ठरते, त्याच गुणामुळे ते रूट कॅनॉलचे मुख्य द्रावण ठरले आहे. जिवाणू मारणे आणि त्यांचे अन्न विरघळवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारे दुसरे सोयीचे द्रावण अद्याप दंतवैद्यकाच्या हाती आलेले नाही.

इतर द्रावणांची जमाखर्च

हायपोक्लोराइटलाही मर्यादा आहे. फाइल फिरते तेव्हा दाताचा बारीक भुगा होतो आणि तो नळीच्या भिंतीवर लेपासारखा थापला जातो. लाकडावर कानस मारली की भुश्श्याने रंध्रे बुजतात, तसाच हा प्रकार. या लेपात कॅल्शियमयुक्त खनिज अंश मोठा असतो आणि तो हायपोक्लोराइटला विरघळत नाही. त्यासाठी ईडीटीए नावाचे द्रावण वापरतात. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि भिंतीवरून सोडवते. नॉर्वेतील नायगार्ड-ओस्टबी यांनी १९५७ मध्ये ते दंतचिकित्सेत आणले. प्रचलित तीव्रता १७ टक्के आणि शेवटच्या टप्प्यात मिनिटभराचा वापर एवढे सामान्यतः पुरते. फार वेळ ठेवल्यास दाताची भिंत झिजू शकते. ईडीटीए हा हायपोक्लोराइटचा पर्याय नव्हे, तो त्याचा जोडीदार आहे.

क्लोरहेक्सिडिन हे नाव हिरड्यांच्या औषधी गुळण्यांमुळे पुष्कळांना ठाऊक असते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्याचा शोध लागला. रूट कॅनॉलमध्ये ते बहुधा २ टक्के तीव्रतेचे वापरतात. त्याचा मोठा गुण हा की ते दाताच्या भिंतीला चिकटून राहते आणि धुऊन काढल्यावरही काही काळ जिवाणूंना रोखते. शिवाय ऊतींना ते हायपोक्लोराइटइतके दाहक नाही. रुग्णांवरील चाचण्यांचे २०२० साली झालेले एकत्रित विश्लेषण सांगते की जिवाणूंची संख्या घटवण्यात या दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र क्लोरहेक्सिडिन मेलेली नस विरघळवत नाही. लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेत अनेक रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या : जेथे जादा म्हणून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन वापरले होते, तेथे यशाचे प्रमाण उलट कमी होते; आणि दुसऱ्यांदा कराव्या लागलेल्या रूट कॅनॉलमध्ये ईडीटीएने धुलाई केली असता यशाचे प्रमाण अधिक होते. केवळ ‘जंतुनाशक’ या एका शब्दावरून द्रावणाची पारख होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नॉर्मल सलाईन म्हणजे निर्जंतुक मिठाचे पाणी. ते निरुपद्रवी असते आणि भुगा वाहून नेते. एका द्रावणानंतर दुसरे घालण्यापूर्वी मधली सफाई करण्यास ते योग्य आहे. पण त्याने जिवाणू मरत नाहीत आणि नसही विरघळत नाही. ताटाला चिकटलेले तूप नुसत्या गार पाण्याने जात नाही, तसेच हे. एखाद्या दवाखान्यात केवळ सलाईनवरच सगळी भिस्त असेल, तर ती किफायत रुग्णाला पुढे महाग पडू शकते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पूर्वी फार विश्वासाचा मानला जाई. हायपोक्लोराइट आणि पेरॉक्साइड आलटून पालटून घालण्याची रीत काही दशके चालली. दोन्ही एकत्र आले की प्राणवायूचे बुडबुडे उठतात आणि घाण वर येताना दिसते. पण त्याच वेळी दोन्ही द्रावणे परस्परांना निष्प्रभ करतात. फेस पुष्कळ दिसला म्हणजे सफाई पुष्कळ झाली, असे नव्हे.

त्रिफळ्याचे काय?

जैन घरांत हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा चूर्ण अनोळखी नाही. ‘रसायनाऐवजी त्रिफळ्याने दात धुता येणार नाही का?’ हा प्रश्न त्यामुळे मनात येणारच. हा प्रश्न भारतीय संशोधकांनी गांभीर्याने घेतला आहे. तमिळनाडूतील प्रभाकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. काढलेल्या दातांवर त्यांनी एन्टेरोकॉकस फीकॅलिस या चिवट जिवाणूचा थर वाढवला. मग त्यावर त्रिफळा, हिरव्या चहातील द्रव्ये, एक प्रतिजैविकयुक्त द्रावण आणि ५ टक्के हायपोक्लोराइट यांची तुलना केली.

निष्कर्ष आशादायी होता, परंतु त्याचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. त्रिफळ्याने जिवाणूंवर लक्षणीय परिणाम केला. सर्वाधिक परिणाम मात्र हायपोक्लोराइटचाच दिसला. शिवाय हा प्रयोग काढलेल्या दातावर आणि एकाच जिवाणूवर होता. रुग्णाच्या मुखात अनेक जातींचे जिवाणू एकत्र नांदतात आणि सोबत मेलेली नसही असते. वनस्पतीच्या अर्काची तीव्रता फळाच्या जातीनुसार, हंगामानुसार आणि अर्क काढण्याच्या रीतीनुसार बदलते. धान्याच्या व्यापाऱ्याला ठाऊक असते की एकाच नावाच्या दोन पोत्यांतील माल सारखा असेलच असे नाही. औषधात ही तफावत चालत नाही. म्हणून त्रिफळ्याचा अभ्यास पुढे व्हावा, अशी इच्छा अवश्य बाळगावी. परंतु आज दुखणाऱ्या दाढेसाठी ‘आयुर्वेदिक द्रावणानेच करा’ असा आग्रह धरणे हिताचे नाही. तसेच घरी केलेल्या कोणत्याही काढ्याची गुळणी मुळातील नळीपर्यंत पोचत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तीव्रता, मिश्रण आणि सावधगिरी

जितके तीव्र तितके गुणकारी, असा हिशेब येथे सरळ लागू पडत नाही. अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या तीव्रतेचे हायपोक्लोराइट वापरात आहे. तीव्रता वाढली की नस लवकर विरघळते, पण धोकाही वाढतो. हरियाणातील रोहतक येथे रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ टक्का आणि ५ टक्के अशा दोन गटांची वर्षभरानंतर तुलना केली; यशात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे द्रावण सौम्य असले तरी चालते. मात्र ते ताजे असावे, भरपूर वापरावे, वरचेवर बदलावे आणि त्याला काम करण्यास वेळ द्यावा. त्याला अल्ट्रासोनिक कंपनाची किंवा किंचित उष्णतेची जोड दिली, तर ते फटींमध्ये अधिक चांगले काम करते.

ताजेपणाचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. ऊन आणि उष्णता यांनी हायपोक्लोराइटचा जोर उतरतो. एप्रिल-मे महिन्यांतील दौंडचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना उघड्या बाटलीतील द्रावणाचे काय होत असेल याची कल्पना यावी. अपारदर्शक बाटली, थंड जागा आणि मुदतीची तारीख या तीन गोष्टी किराणा मालाइतक्याच येथेही पाहायच्या असतात.

द्रावणांचे परस्परांशी जमतेच असेही नाही. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन एकत्र आले की नारिंगी-तपकिरी साका तयार होतो. तो दाताला रंग आणतो आणि सूक्ष्म नलिका बुजवतो. ईडीटीए मिसळले की हायपोक्लोराइटमधील कार्यक्षम क्लोरिन झपाट्याने घटतो. म्हणून जाणकार डॉक्टर द्रावणे एकामागून एक वापरतात आणि मध्ये नळी धुऊन कोरडी करतात. हा क्रम पाळण्यास वेळ लागतो. डॉक्टर त्यासाठी वेळ देत असतील, तर रुग्णाने घड्याळाकडे पाहून अस्वस्थ होऊ नये.

सर्वांत मोठी काळजी घ्यावी लागते ती हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर जाऊ नये म्हणून. प्रथिने विरघळवण्याचा त्याचा गुण तेथे घातक ठरतो. अचानक असह्य कळ, पाहता पाहता गालावर सूज आणि नंतर काळेनिळे डाग, अशी लक्षणे दिसतात. हे क्वचित घडते आणि बहुधा उपचाराने बरे होते, तरी ते टाळणे हेच खरे कौशल्य. त्यासाठी बाजूला छिद्र असलेली बारीक सुई वापरतात, ती नळीत घट्ट रुतू देत नाहीत, टोकाच्या अलीकडेच थांबवतात आणि दट्ट्या हलक्या हाताने दाबतात. दाताभोवती ताणून बसवलेला रबर डॅम हा पातळ पडदा द्रावणाला घशात जाऊ देत नाही आणि लाळेतील जिवाणूंना दातात येऊ देत नाही. युरोपीय एन्डोडॉन्टॉलॉजी सोसायटीच्या २००६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत रबर डॅम आवश्यक मानला आहे. उपचार चालू असताना जळजळ, घशात कडवट चव किंवा तीव्र कळ जाणवली, तर संकोच न करता हात वर करून डॉक्टरांना थांबवावे. पूर्वी ब्लीचमुळे त्वचेवर किंवा श्वासावर त्रास झाला असेल, अथवा क्लोरहेक्सिडिनची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगावे. आणि हे सारे वाचून कोणीही घरचे ब्लीच तोंडात घेऊ नये. ते धोक्याचे आहे.

अहिंसा आणि तपश्चर्येचा विचार

जिवाणू मारण्यासाठी द्रावण वापरायचे, हा विचार काही श्रद्धाळू मनांना टोचतो. गृहस्थाच्या धर्मात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद सांगितले आहेत आणि श्रावकाला प्रथम संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. देह हे धर्मसाधनेचे साधन मानून त्याचे रोगनिवारण करणे आणि जीव घेण्याचा संकल्प करणे, यांत भेद आहे. तरीही ज्यांच्या मनात शंका उरते त्यांनी आपल्या गुरुभगवंतांना विचारावे. साधू-साध्वींच्या मर्यादा वेगळ्या आहेत. त्यांच्या उपचारांचा निर्णय त्यांच्या आचारानुसारच व्हावा.

द्रावणांच्या उगमाविषयी मात्र निश्चिंत राहता येईल. हायपोक्लोराइट, ईडीटीए आणि क्लोरहेक्सिडिन ही रसायने कारखान्यात तयार होतात, प्राण्यांपासून काढली जात नाहीत. नळी बंद करण्यासाठी वापरतात तो गट्टा-पर्चा हा मलाया भागातील झाडाचा चीक आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर प्रश्न निराळा : रक्त थांबवणारे जिलेटिनचे स्पंज, कोलॅजेन, हाडाची पूड यांपैकी काही पदार्थ प्राणिज असतात. ते वापरण्यापूर्वी सांगावे आणि पर्याय विचारावा, अशी विनंती डॉक्टरांना आधीच करून ठेवावी.

तपश्चर्येच्या दिवसांचेही नियोजन हवे. पर्युषण, आयंबिल ओळी किंवा वर्षीतप जवळ आले असता दुखणे अंगावर काढून उपवास संपण्याची वाट पाहू नये. शक्य तो उपचार आधीच उरकावा. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या जठराला त्रास देतात. चौविहार पाळणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत ते सांगावे, म्हणजे औषधाच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात का याचा विचार डॉक्टर करू शकतील. ताप, वाढत जाणारी सूज, तोंड उघडण्यास, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास, ही लक्षणे दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

विचारावेत असे पाच प्रश्न

१. मूळ धुण्यासाठी कोणते द्रावण वापरणार? केवळ सलाईन की हायपोक्लोराइटही?
२. शेवटी ईडीटीएने लेप काढणार का?
३. रबर डॅम लावणार का?
४. धुलाईसाठी किती वेळ राखून ठेवता? अल्ट्रासोनिकची सोय आहे का?
५. उपचारानंतर किती महिन्यांनी एक्स-रे काढून मुळाच्या टोकाशी हाड भरले की नाही ते पाहणार?

हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नयेत. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही; आपले काम समजून घेणारा रुग्ण मिळाला याचे त्याला समाधानच वाटते. आणि उत्तर समाधानकारक असेल, तर त्याने सांगितलेल्या वाजवी शुल्कात घासाघीस करू नये. सुटे द्रावण स्वस्त असते. महाग असतो तो ते नीट वापरण्यासाठी दिलेला वेळ.

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुण्याशी जोडलेली आहेत, एक नगर रस्त्याने आणि दुसरे लोहमार्गाने. गुंतागुंतीची दाढ, वाकलेले मूळ किंवा एकदा फसलेले रूट कॅनॉल असेल, तर मुळांच्या उपचारातील विशेषज्ञाकडे जाण्यास अंतराची सबब पुरेशी नाही. पुणे आणि पिंपरी येथील दंत महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात. वेळ अधिक लागला तरी खर्चाच्या दृष्टीने तो मार्ग अनेक कुटुंबांना परवडणारा ठरू शकतो. हे दुकानातील कामगारांना आणि घरकामाला येणाऱ्या ताईंनाही आवर्जून सांगावे. दात काढून टाकणे स्वस्त पडते म्हणून वाचू शकणारी दाढ गमावणारे बहुधा तेच असतात.

सोन्याची पारख कसोटीवर होते, कापडाची धुतल्यावर. रूट कॅनॉलची पारखही धुलाईतच आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती विचारून घ्यायची.